हॅलो... ऐकू येतंय का?

लँडलाइन फोन शेवटचा कधी उचलला, असं हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा. "रेक्टर सरांच्या ऑफिसमध्ये" हे एक उत्तर, आणि "फक्त पिक्चरमध्ये बघितलाय" हे दुसरं! सांगण्याचं कारण असं की आज मी याच जुन्या डबड्यावर लिहिणार आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ बघून अजून घाम फुटतो. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, शुद्धलेखनाकडे जरा कानाडोळा करा. विषय मात्र कानाचाच आहे!

माझं आजोळ आपल्याच शहरात, सिडकोत. मेसला कंटाळले की रविवारी मी तिकडे पळते. तिथे आजीच्या पलंगाशेजारी लँडलाइन आहे. आजीला दिसतं कमी, त्यामुळे मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर तिचं बोट चालत नाही. या फोनची बटणं मात्र तिला चाचपून पाठ आहेत. रोज रात्री नऊ वाजता पैठणच्या मावशीआजीचा फोन येतो. आज काय भाजी केली, कुणाचं लग्न जमलं, कुणाचे गुडघे दुखतात... अर्धा तास सहज!

या पावसाळ्यात तो अर्धा तास दोन मिनिटांवर आला. "बरी आहेस ना? बरं, ठेवते." संपलं. मामीने विचारलं तेव्हा आजी हळूच म्हणाली, "अगं, आता माझे कानच गेले बघ. मोठी बोलते ते काही कळतच नाही." वय अठ्ठ्याहत्तर. घरात सगळ्यांना ते लगेच पटलं. कानाचं मशीन घ्यायचं ठरलं, डॉक्टरांची वेळ घेतली, आणि फोन कोण वापरतं आता, कनेक्शन काढूनच टाकू, असंही मामाचं सुरू झालं.

रविवारी मी गेले, रिसीव्हर उचलला, आणि कानात खरखर! कढईत कांदाभजी तळायला सोडल्यासारखी. त्या खरखरीत तर सी.आय.डी.मधल्या दयाचाही आवाज कुणाला ऐकू आला नसता. त्या फोनला आजीशिवाय कुणी हातच लावत नव्हतं, मग ती खरखर दुसऱ्या कुणाला कळणार कशी?

आता थोडं थिअरी (व्हायवा नाही, घाबरू नका). घरी येतात फक्त दोन वायरी. लाइनमन त्याला 'जोडी' म्हणतात. फोन ठेवलेला असताना या जोडीत साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो. तो येतो एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांवरून, दोन-दोन व्होल्टच्या चोवीस सेलच्या. म्हणून लोडशेडिंगच्या काळातही घरात अंधार आणि फोन चालू, असं चालायचं. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होतं, करंट वाहतो, आणि व्होल्टेज दहाच्या आसपास उतरतं. त्यावरून एक्सचेंजला कळतं की यांना बोलायचंय. मग डायल टोन! १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला एक्सचेंज सुरू झाली तेव्हापासून यंत्रणा कितीदा तरी बदलली.

बिघाड ओळखायला पहिलं हत्यार म्हणजे तुमचा मोबाइल. त्यावरून घरचा नंबर लावा. तुमच्या कानात रिंग जातेय पण घरी फोन मुका, तर बहुतेक वायर कुठेतरी तुटलीय. सतत एंगेज येतंय, तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात, किंवा दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर नीट ठेवलेला नाही (हे आधी बघा!). आजीकडे यातलं काहीच नव्हतं. घंटी वाजत होती, टोन येत होता, नुसती खरखर. म्हणजे जोडी अर्धवट कुठेतरी गळत होती.

मी मल्टिमीटर काढला. तेवढ्यात गल्लीतले एक काका आले. ते लाइनमन म्हणून रिटायर झालेत. "काय करायलीस, बाई?" मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. काका म्हणाले, "ते सगळं खरं. पण आधी आतल्या जोड्या सोड. घर आजारी आहे का बाहेरची लाइन, ते तर कळू दे." चार सेमिस्टरमध्ये फॉल्ट फाइंडिंगवर यापेक्षा चांगलं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

बाहेरची वायर जिथे घरात शिरते तिथे एक छोटी पांढरी डबी असते, रोझेट. तिथून आत तीन जोड्या जात होत्या : हॉल, आजीची खोली, आणि वरची खोली. तिन्ही जोडलेल्या असताना मीटर ३८ दाखवत होता. तिन्ही सोडल्या, ४९! म्हणजे बाहेरची लाइन ठणठणीत. हॉलची जोडली, ४९. आजीची जोडली, ४९. वरची जोडली आणि काटा... सॉरी, डिजिटल होता, आकडा धपकन ३८ वर.

वरच्या खोलीत फोनच नाही. मामाच्या कॉलेजच्या दिवसांत कधीतरी तिथे एक्स्टेन्शन होतं. कपाट सरकवलं, मागे सॉकेट, आणि त्याच्यावर गच्चीतून झिरपलेल्या पाण्याचा ओघळ. झाकण काढलं. आत एका स्क्रूवर हिरवीगार भुकटी, आणि बाजूचा दुसरा स्क्रू नुसता काळवंडलेला. एकच का? फर्स्ट इयरचं केमिस्ट्री आठवा. तांब्याची दोन टोकं, मध्ये ओल, आणि दिवसरात्र डीसी. म्हणजे झाला इलेक्ट्रोलिसिसचा सेल! पॉझिटिव्ह टोक झिजतं, निगेटिव्ह वाचतं. गंमत म्हणजे एक्सचेंजमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक मुद्दाम अर्थ केलेलं असतं, कारण त्यामुळे जमिनीतल्या केबलचं तांबं जमिनीच्या मानाने निगेटिव्ह राहतं आणि कमी झिजतं. बंद पडलेल्या सॉकेटमध्ये दोन्ही टोकं शेजारी-शेजारी, तिथे ही युक्ती काय कामाची!

सॉकेट खाली नेऊन आजीच्या हातात दिलं. तिने बोटाने भुकटी चोळली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाली, "कळकलंय गं हे. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसं." मला ऑक्सिडेशन, करोजन, इलेक्ट्रोलिसिस सगळे शब्द येत होते, 'कळकणं' माहीत नव्हतं. आजीला त्या तिघांतला एकही येत नव्हता. पण निदान दोघींचं एकच!

पुढचं काम सोपं. वरच्या खोलीची जोडी रोझेटमधून कायमची सोडली, टोकांना वेगवेगळी टेप मारली. आजीच्या खोलीतल्या वायरींची काळी टोकं कापून नवीन तांबं उघडं केलं, पॉलिश पेपरने घासलं, नवीन रोझेट बसवली, स्क्रू घट्ट. खर्च म्हणाल तर दोन प्लेट मॅगीएवढा. मग मी गच्चीवर जाऊन मोबाइलवरून फोन लावला आणि सवयीने जोरात ओरडले, "हॅलो आजी, ऐकू येतंय का?"

"अगं, ओरडू नकोस. ऐकू येतंय मला."

रात्री नऊला पैठणचा फोन आला. मी हॉस्टेलच्या वेळेसाठी निघाले तेव्हा भाजी संपून गुडघ्यांचा विषय सुरू झाला होता. डॉक्टरांकडे आजीला नेलंच. वयामुळे थोडं कमी ऐकू येतं, मशीनचं सहा महिन्यांनी बघू, असं ते म्हणाले. म्हणजे कान अगदी नवे नाहीत, पण गेलेलेही नाहीत. दीड महिना ती बिचारी दोष स्वतःकडे घेऊन गप्प बसली होती, आणि दोष होता कपाटामागच्या, कुणीच न वापरलेल्या सॉकेटचा! म्हाताऱ्या माणसाला ऐकू आलं नाही की आपण लगेच त्याच्या वयाकडे बघतो. काकांचं वाक्य मला तिथेही लागू वाटतं : आधी जोडी सोडून बघा.

आता बऱ्याच ठिकाणी तांब्याच्या जागी फायबर येतंय, आजोळीही येईल. आवाज स्वच्छ येईल, ओलीने कळकणारही नाही. पण फायबरमधून वीज येत नाही, त्यामुळे लाइट गेली की फोनचा डबा बंद. मामाला मी आत्ताच सांगून ठेवलंय, त्या दिवशी छोटा बॅकअप आणायचा, आणि आजीचा बटणांचा फोन तोच ठेवायचा.

तर मंडळी, दिवाळीत घरी गेलात आणि कोपऱ्यात असा फोन दिसला, तर एकदा स्वतः उचलून कानाला लावा. दुरुस्ती करायचीच तर थोडी पथ्यं : वीज कडाडत असताना वायरीला हात नाही. घंटी वाजताना जोडीत पाऊणशे व्होल्टच्या आसपास एसी येतो, झटका चांगलाच बसतो, म्हणून आधी रोझेटमधून आतली जोडी सोडा. आणि खांबावरचा डीपी लाइनमनचा, आपला नाही. मल्टिमीटर नसेल तर माझा घेऊन जा. फक्त सबमिशनच्या आठवड्यात मागू नका!