नवं-जुनं

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरची स्टेट बँक, ती मूळची तिथली नाही. तिचा जन्म हैदराबादच्या गनफाउंड्रीतला. रेमाँ नावाच्या फ्रेंच सरदारानं निजामासाठी तोफा ओतल्या, तो हा भाग. १९४१ साली कायदा झाला आणि ५ एप्रिल १९४२ला हैदराबाद स्टेट बँकेचं दार उघडलं. निजाम सरकारचा पैसा आणि उस्मानिया सिक्का सांभाळणं, हे तिचं पहिलं काम. जिंतूर तेव्हा त्याच राज्यात होतं. बाजारात चारमिनारचं चित्र असलेला हा सिक्का, म्हणजे हाली रुपया, चाले. हद्दीपलीकडं वऱ्हाडात व्यवहार करायचा तर साधारण सात हाली मोजावे तेव्हा सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये, हाती येत.

सप्टेंबर १९४८मध्ये निजामाची राजवट गेली, मागोमाग हाली सिक्काही गेला. ती राहिली. १९५६मध्ये रिझर्व्ह बँकेच्या छत्राखाली येऊन ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, १९५९मध्ये भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी झाली. १९५६लाच मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात गेलं. राज्यं वेगळी झाली, तरी हिनं मराठवाडा सोडला नाही. पुढं परभणी जिल्ह्याची अग्रणी बँकही तीच. दरबारात वाढलेल्या बाईनं ढेकळांच्या मुलखात संसार मांडावा, तसं हे. मला तिचा मोठेपणा इथंच दिसतो.

स्वभाव कडक. सातबारा, आठ-अ, बाकीच्या बँकांची बेबाकी, यातला एक कागद कमी असला तरी ती फाईल पुढं सरकू देत नाही. निराधारांच्या पगाराच्या दिवशी दारातल्या लोखंडी जाळीपाशी म्हाताऱ्या बाया पासबुक पदरात धरून बसतात. विड्रॉल स्लिप कुणाकडून तरी भरून घ्यायची, अंगठा उमटवायचा आणि नंबर यायची वाट पाहायची. काउंटरवरच्या माणसानं नावानं हाक मारली, ‘मावशी, या’ म्हटलं, तरी त्यांचा अर्धा ताण उतरतो.

आणि मार्च. जिंतूर तालुक्यातलं बरंचसं शिवार कोरडवाहू: कापूस, तूर, सोयाबीन. येलदरीचं धरण तालुक्यातच आहे, पण त्याचं पाणी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पाऊस हुकला की हप्ता हुकतो. मग ‘नवं-जुनं’ करायचं. आडत्याकडून, पाहुण्याकडून चार दिवसांसाठी पैसे उचलायचे, जुनं पीक कर्ज भरायचं, नवं मंजूर करून घ्यायचं आणि उचललेले पैसे परत करायचे. वहीत खातं नियमित दिसतं. शिवारातलं कर्ज जिथल्या तिथंच असतं, वर त्या चार दिवसांचं व्याज चढतं. वेळेत फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते, हे खरं. पण ती पदरात पाडून घ्यायला आधी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, हे मला टोचतं.

१ एप्रिल २०१७ला तिचंही नवं-जुनं झालं. बिकानेर-जयपूर, म्हैसूर, त्रावणकोर आणि पतियाळा या बहिणींसोबत ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पाटीवरचं निळं वर्तुळ तेच राहिलं, ‘हैदराबाद’ तेवढं पुसलं गेलं. शेवटचा शब्द आता मुंबईचा.

धाकट्या ग्रामीण बँकेचीही तीच गत. नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ची. २००९मध्ये ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिसळली. १ मे २०२५ला विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तीत आली आणि राज्यात एकच ग्रामीण बँक उरली. मोठ्या बँकेला तोटा पेलता येतो, हे मान्य. पण तालुक्यातल्या बोरी-चारठाण्याच्या शेतकऱ्याला मृगाआधी पैसा लागतो. त्याच्या कर्जावर सही करायचा अधिकार जिंतूरच्याच खुर्चीत असावा, आणि त्या खुर्चीतल्या साहेबाला त्याची मराठी कळावी.