वहिवाट

मराठीत 'वाट' हा शब्द चालणाऱ्याचा आहे. संस्कृत 'वर्त्मन्' पासून प्राकृत 'वट्ट' मार्गे तो आपल्यापर्यंत आला; 'रस्ता' फारसीतून आला. कोशात दोन्ही जवळजवळ एकाच अर्थाने नोंदलेले असले, तरी भाषेच्या व्यवहारात त्यांची कामे वेगळी आहेत. रस्ता बांधला जातो, त्याला कंत्राटदार लागतो. वाट पडते, आणि ती पडायला पावलांखेरीज काही लागत नाही. वाटसरू, वाटाड्या, वाटचाल, आडवाट हे सारे शब्द पायी जाणाऱ्यांनी घडवले. याच कुळातला एक शब्द मात्र थेट कचेरीत जाऊन बसला : वहिवाट. वर्षानुवर्षांच्या वापराने सिद्ध झालेला हक्क.

सोनगीरच्या फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत उभे राहिले, की मला हा शब्द हटकून आठवतो. धुळ्याच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर, किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ते एके काळी नावाजलेले होते. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागूनच जातो. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३, या टप्प्यात आताचा ५२. दोंडाईचाकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. रुंदीकरणानंतर मालमोटारींची सोय झाली यात शंका नाही. पण डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई दोन वाहनांमधली फट शोधत ताटकळते, तेव्हा या सोयीचा जमाखर्च कोणाच्या खात्यावर मांडला गेला, असा प्रश्न पडतो. शाळेतल्या मुली कडेच्या पट्टीवरून उलट दिशेने सायकली हाकतात. दुभाजकातली मोकळी जागा दूर असेल, तर तेथवर जाऊन परत येण्याइतका वेळ आणि दम त्यांच्यापाशी नसतो. कायद्याच्या दृष्टीने त्या नियम मोडतात; खरे पाहता त्या सरळ घरी निघालेल्या असतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना सायकली मिळतात, आणि ही योजना चांगलीच आहे. पण सायकल देताना ती चालवायची कोठे, हा प्रश्न मुलींवरच सोपवलेला दिसतो.

चैत्रात या रस्त्याचे रूप पालटते. खानदेश हे सप्तशृंगीचे माहेर, अशी इकडची श्रद्धा आहे. म्हणून चैत्री पौर्णिमेच्या आधी हजारो माणसे धुळे, मालेगावमार्गे गडाकडे पायी निघतात. उन्हाच्या तडाख्यामुळे पुष्कळ जण रात्री चालतात, कित्येक अनवाणी. गावोगावी त्यांना पाणी आणि सरबत मिळते; जे मिळत नाही ते चालण्यापुरते चार हात सुरक्षित अंतर. जत्थ्यात वाहन शिरल्याची बातमी वाचण्याची आपल्याला सवय झाली आहे. नंतर 'भाविकांनी काळजी घ्यावी' असे आवाहन निघते. काळजी चालणाऱ्याने घ्यायची आणि वेग वाहनाने ठेवायचा, अशी ही वाटणी आहे.

धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे वारले. गावोगाव पायपीट करून त्यांनी जमवलेल्या दप्तरांवर मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी राहिली. अशा जुन्या कागदांत वतनांचे आणि वहिवाटीचे तंटे जागोजागी भेटतात, कारण वहिवाट ही आपल्याकडे गंभीर बाब होती. आजही आहे. शेताकडे जाणारी वाट शेजाऱ्याने काटेरी कुंपण घालून अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार तो अडथळा दूर करायला लावू शकतो. खेड्यातल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्यालाही ही तरतूद ठाऊक असते. परंतु गाव आणि शिवार यांच्यामध्ये लोखंडी कठडा आणि ताशी ऐंशीचा वेग आला, तर त्याला अडथळा म्हणावे असे कोणाच्या मनात येत नाही. त्याला विकास म्हणतात.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. जळगावात महामार्ग शहराच्या मधून जातो म्हणून समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले. सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्या नेदरलँड्समध्ये तरी वेगळे काय घडले? १९७१ साली तेथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, आणि मग सायकलींच्या वाटा झाल्या. हवापाण्याचा तो प्रताप नव्हे.

उपाय अगम्य नाहीत. वस्तीलगत वेग खरोखर उतरेल अशी रचना, लोक जेथे ओलांडतात तेथेच ओलांडण्याची जागा, आणि कडेला चालण्यासाठी व सायकलीसाठी सलग पट्टी. जिने चढून जायचा पूल भारा घेतलेल्या बाईच्या उपयोगाचा नाही. पण रचनेच्या आधी गणना येते. रस्त्याची रुंदी ठरवताना वाहने मोजतात; मोटार एक धरली, तर भारतीय रस्ता परिषदेच्या तक्त्यात सायकल अर्धी धरली जाते. पायी माणसाला त्या तक्त्यात अंकच नाही.

वहिवाट सिद्ध करायची, तर वापर दाखवावा लागतो. तेव्हा एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी फाट्यावर सकाळ-संध्याकाळ बसून नोंद करावी : कोण, किती, कोठून कोठे, आणि ओलांडायला किती वेळ थांबले. गडाकडे जाणाऱ्यांचीही गणना चैत्रात करावी. बोलीतले शब्द गोळा करायला आपण त्यांना गावोगाव पाठवतोच. ज्यांच्या पावलांनी ते शब्द झाले, त्या माणसांचीही एक वही भरू द्या. तहसीलदारापुढे आणि रस्ते बांधणाऱ्यांपुढे ठेवायला निदान एक कागद होईल.