आक्का, यंदा रेल्वेने ये

प्रिय आक्का,

संक्रांतीच्या आधी चार दिवस मोकळे ठेव आणि रेल्वेने बीडला ये. एसटी नको, भाच्याची कार नको. कुणाचं लग्न नाही, कुणाचं दहावं नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही. पुण्याला दिल्यापासून तू माहेरी आलीस ती कामापुरती. यंदा नुसती विसाव्याला ये.

१७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, नगर-बीड गाडी सुरू झाली ते तू टीव्हीवर पाहिलंच असशील. आपल्याच जिल्ह्यातल्या परळीला निजामाच्या काळापासून गाडी येते, पण बीडकरांच्या पिढ्या रुळांची वाट बघण्यात गेल्या. नगर-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. गोपीनाथराव मुंडेंनी त्याचा ध्यास घेतला होता. अर्धा खर्च राज्याने उचलला, तरी २०२२ ला गाडी कशीबशी आष्टीपर्यंत आली. बीडच्या पुढचा परळीपर्यंतचा पल्ला बाकीच आहे. अण्णा असते तर पहिल्या दिवशी नवं धोतर नेसून स्टेशनावर गेले असते.

गाडी सुरू झाली तेव्हा सकाळी नगरहून निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास बीडला पोचायची. निघण्याआधी आताची वेळ बघून घे. साधी डेमू आहे, पळत नाही. मला तेच आवडलं. कडा, आष्टी, अमळनेर, विघनवाडी, रायमोहा ही नावं आपण एसटीच्या पाट्यांवर वाचलेली. आता ती पिवळ्या फलकांवर आहेत. आष्टी सुटली की बालाघाटचा माळ लागतो. फोडलेल्या खडकाच्या भिंती खिडकीला लागूनच सरकतात आणि त्या संपल्या की एकदम शाळूचं रान उघडं पडतं. मधूनच तुरीचा पट्टा, करडईचा काटेरी हिरवा तुकडा. डांबरी रस्त्यावरून हे दिसलं नाही गं कधी.

मी आलो तेव्हा समोरच्या बाकावर एक आजोबा नातवाकडून प्रत्येक स्टेशनचं नाव वाचून घेत होते. रायमोह्याच्या अलीकडे ते उठून दाराशी गेले. त्यांची जमीन रुळाखाली गेलेली. "इथं आपली विहीर होती," एवढंच पोराला म्हणाले, आणि राहिलेली बाभळ दिसेनाशी होईपर्यंत दांडा धरून उभे राहिले. मोबदला मिळाला असेल, तरी ही गाडी कुणाच्या रानावरून धावते ते खिडकीशी बसणाऱ्याने ध्यानात ठेवावं असं मला फार वाटतं.

स्टेशनावर मी गाडी घेऊन येतो, पण तुला घरी नेणार नाही. घरी आलीस की पदर खोचून तू चुलीपुढे बसणार. आपण थेट मांजरसुंब्यावरून पाटोद्याकडे जाऊ. तिकडे एका शेतकऱ्याने रानात चार खोल्या बांधल्यात. पोरं त्याला रिसॉर्ट म्हणतात. पोहण्याचा तलाव नाही. कडुनिंबाखाली बाज आहे, गरम पाण्याचा बंब आहे आणि आगटीवर भाजलेला हुरडा आहे. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, गरम असतानाच तळव्यावर चोळायची, कोंडा फुंकायचा, की हिरवे दाणे हातात. वर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. पोटभर खा आणि दुपारी खुशाल झोप, उठवायला कुणी येणार नाही. सौताड्याच्या धबधब्याला तेव्हा धार बारीक असेल, पण दरीतल्या रामेश्वराला जाता येईल. नायगावच्या अभयारण्यात मोर आहेत, पहाटे गेलो तर दिसतील.

दसरा झाला की आपल्याकडचे ऊसतोडीचे कोयते मुकादमाची उचल घेऊन ट्रकने, ट्रॅक्टरने कारखान्यांवर जातात. पार पाडव्यापर्यंत वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि पोरंच उरतात. बीड म्हटलं की बाहेरच्यांना दुष्काळ आठवतो आणि आपल्याला बाहेर पडणं. या जिल्ह्यात कुणीतरी आराम करायला यावं, चार पैसे इथल्या रानात खर्चावेत, कुठल्यातरी वाडीतल्या सुनेला उसाच्या फडाऐवजी घराजवळच भाकरी थापण्याचे पैसे मिळावेत, असं मनापासून वाटतं. ज्या रानात आपण उतरणार आहोत तिथे स्वयंपाकाला असलेली बाई दोन हंगाम फडावर गेलेली नाही. तिच्या हातचं वांग्याचं भरीत खाऊन बघच.

आदल्या दिवशी नगरला मावशीकडे मुक्काम कर, म्हणजे पहाटेची धावपळ होणार नाही. स्वेटर आण, माळावर थंडी झोंबते. डबा आणू नकोस. दाजींना आणायचं की नाही ते तू ठरव; येणार असतील तर एक बाज वाढवायला सांगतो. तिकीट काढलंस की फोन कर.

तुझा,
धाकटा