जिल्हा : रत्नागिरी

नोंदवहीत आधी आकडा येतो, मग नाव. पुढे बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव. एका माणसाला एक आडवी ओळ. मॉरिशसच्या इमिग्रेशन खात्यानं एकोणिसाव्या शतकात ठेवलेल्या या वह्या आज तिथल्या मोका गावी, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसं मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली, त्यांचा हा हिशेब. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईतून गेलेले त्यामानानं थोडे. पण त्या थोड्यांच्या जिल्ह्याच्या रकान्यात पुन्हा पुन्हा रत्नागिरी येते.

मी या जिल्ह्यातली. घरातलं माणूस लांब असणं ही आमच्याकडे बातमी नसते. पलटण, गिरणी, गोदी, बोट. कोकणातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मनिऑर्डरची वाट बघितली आहे. पण मुंबईला गेलेला चाकरमानी शिमग्याला येतो, गणपतीला येतो. नाहीच आला तर त्याच्या नावानं बोटं मोडायला तरी कुणी असतं. मॉरिशसला गेलेल्याचं नाव आमच्याकडच्या कुठल्याच गाऱ्हाण्यात मी ऐकलं नाही. वाट बघून बघून घरच्यांनी कधीतरी त्याचे दिवस घातले असतील, आणि नेमका त्याच वेळी तो तिकडे उसाच्या सरीत वाकून उभा असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

तो का गेला असेल, हे कळायला मला दप्तर लागत नाही. जमीन खोताची, पिकातला मोठा वाटा खोताचा, वर खोताच्या घरची वेठ. डोंगरउतारावर लावलेली नाचणी-वरी पावसाळ्यापर्यंत पुरायची नाही. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि ती कायद्यानं गेली १९४९ मध्ये. म्हणजे मॉरिशसची वाट चालू होती त्या सगळ्या काळात खोत होताच. १८४२ मध्ये कंपनी सरकारनं मुंबई बंदरातून ही भरती कायद्यानं मोकळी केली. महिना पाच रुपये, शिधा, कपडा, मुदतीचा करार. हातावर पोट असलेल्या माणसाला पाच रुपये ऐकून समुद्र अरुंद वाटला असेल.

त्या ओळीतला एक रकाना मात्र मला पुढे सरकू देत नाही. अंगावरची खूण. भुवईवरचा व्रण, हातावरचं गोंदण, तोंडावरचे देवीचे वण. वरवर बघता हे ओळख पटवण्यासाठी आहे. पण मळ्यावरच्या सरदाराला, म्हणजे मुकादमाला, त्याची माणसं चेहऱ्यानं, चालीनं, खोकल्यानंसुद्धा माहीत असतात. खूण लागते ती पळालेला माणूस धरताना. पोर्ट लुईच्या बंदरात उतरून माणूस डेपोच्या सोळा पायऱ्या चढत होता, ऊस अजून त्यानं डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, आणि हा एक दिवस पळणार हे सरकारनं धरूनच ठेवलं होतं. कारकुनाच्या लेखणीत ती भीती आधीपासून होती.

आणि हा रकाना हिंदी मजुरांसाठी केलेला नव्हता. १८१३ साली इंग्रजांनी कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर गुलामांची मोजदाद केली. त्या वहीतही नाव, वय, उंची, मूळ देश आणि खुणा आहेत. दोनच वर्षांनी मॉरिशसच्या गुलामांची नोंदणी सुरू झाली. १८३३ मध्ये कायदा झाला, १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली, मालकांना नुकसानभरपाई देण्यासाठी ब्रिटिश तिजोरीतून एकंदर दोन कोटी पौंड काढले गेले. गुलामाला त्यातला छदामही मिळाला नाही. वही तशीच राहिली. तिच्यात आधी आफ्रिका आणि मादागास्करची माणसं लिहिली जात होती, आता आरा, छपरा, विशाखापट्टण आणि रत्नागिरीची लिहिली जाऊ लागली.

गिरमिट, म्हणजे ही करारावरची मजुरी, गुलामी नव्हे, हे मी विसरत नाही. करार होता, मजुरी होती, मुदत होती. जवळजवळ तिसरा हिस्सा माणसं परतही आली. गुलाम बाईचं मूल जन्मतःच मालकाचं असे, गिरमिटवालीचं नसे. हा फरक लहान नाही. पण मळा तोच, मालक तोच, आणि माणसाला एका जागी डांबून राबवण्याची रीतही तीच असेल, तर कागदावर एकाचा वास दुसऱ्याला लागणारच.

या दप्तरांत मी जितकी शिरले तितकं एक लक्षात येत गेलं. जो निमूट राबला त्याची एक ओळ. ज्यानं कोयता खाली ठेवला, त्याच्यावर पानंच्या पानं. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या गयानात, बर्बीस नावाची वसाहत होती. तिथे फिस्कल या अधिकाऱ्याकडे गुलामांना तक्रार करता येत असे. करता येत असे म्हणजे मळ्यावरून चालत शहर गाठायचं, आणि तक्रार खोटी ठरली तर फटके खायचे. तरी लोक गेले. १८१९ मधल्या एका तक्रारीत एक बाई सांगते, की ती गरोदर होती, कॉफी वेचायला इतर बायांइतकी भराभर होत नव्हती, म्हणून तिला फटके मारले आणि पोटातलं मूल गेलं. कारकुनानं ते त्याच्या भाषेत, त्याच्या कोरड्या वळणानं लिहून घेतलं. त्याला बिचारीची कणव होती का, कोण जाणे. पण ती चालत गेली म्हणून ते आज वाचता येतं. न गेलेल्या किती जणी असतील त्यांचं काहीच वाचता येत नाही.

शेजारच्या डेमेरारात १८ ऑगस्ट १८२३ ला दहा हजारांवर गुलाम उठले. लंडनच्या सरकारनं आपल्याला काही हक्क दिलेत आणि मालक ते दडवून ठेवताहेत, असं त्यांना कळलं होतं. उठाव ‘सक्सेस’ नावाच्या मळ्यावरून पेटला. त्याचे पुढारी म्हणजे क्वामिना हा सुतार आणि त्याचा मुलगा जॅक ग्लॅडस्टन. मुलाचं आडनाव मळ्याच्या मालकाचं, लिव्हरपूलच्या जॉन ग्लॅडस्टनचं. उठलेल्यांनी गोऱ्यांना कोंडलं, खोड्यात घातलं. मारले फार थोडे. सैन्यानं मात्र शेकडो गुलाम मारले. क्वामिनाला गोळी घालून त्याचं प्रेत साखळदंडात बांधून सक्सेसच्या मळ्यासमोर टांगलं. त्या खटल्यांच्या जबान्या पुढच्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटसाठी छापल्या गेल्या. ज्यांना आयुष्यात कुणी ‘तुझं काय म्हणणं?’ असं विचारलं नव्हतं, त्यांची उत्तरं त्या पानांवर आहेत. विचारणारा फाशी द्यायला बसलेला होता, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागतात.

पुढचं मला फार जवळचं वाटतं. गुलामगिरी कायद्यानं गेल्यावर याच जॉन ग्लॅडस्टननं १८३६ साली कलकत्त्याच्या एका कंपनीला पत्र लिहून मजूर मागवले. तुम्ही मॉरिशसला माणसं पाठवता असं ऐकलं, आम्हालाही पाठवा, अशा अर्थाचं ते पत्र. १८३८ मध्ये ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजं पहिले हिंदी मजूर घेऊन गयानाला लागली. जॅक ग्लॅडस्टननं जी जागा नाकारली होती, तिथे आपली माणसं आणून बसवली गेली. रत्नागिरीचा माणूस मॉरिशसच्या मळ्यावर उभा होता, त्याला क्वामिनाचं नावही ठाऊक नव्हतं. तरी त्यांच्यात नातं होतं. एकाच्या बंडामुळे मालकाचं गणित मोडलं, आणि ते जुळवायला दुसरा बोलावला गेला.

मॉरिशसच्या मळ्यावर दांडी मारायची किंमत दुप्पट होती: एक दिवस न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापायची. माणसं तरी पळाली. दुसऱ्या मळ्यावर गेली, रानात राहिली, बंदरात हमाली करू लागली. मग आणखी कायदे, आणखी कागद. १८६७ च्या कायद्यानं पाच वर्षं भरून मोकळ्या झालेल्या जुन्या मजुरालाही फोटो चिकटवलेलं तिकीट सतत जवळ बाळगणं सक्तीचं झालं. ते हरवलं तर नवं काढायला एक पौंड, म्हणजे दोन महिन्यांची कमाई. तिकिटाशिवाय सापडला की भटक्या म्हणून कैद. त्या काळातले फोटो आजही मोक्याला आहेत. डोक्याला मुंडासं गुंडाळलेले पुरुष, पदर घट्ट ओढून घेतलेल्या बाया, सरळ भिंगात रोखलेले डोळे. कॅमेऱ्यापुढे हसणारं माणूस मला त्यांत दिसलं नाही. एखादा जबडा, एखादं कपाळ बघून मात्र मी दचकते. अगदी असा माणूस मी लांज्याच्या बाजारात पाहिलेला असतो.

१८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरला अर्ज केला. तिकिटं, धरपकड, कापली जाणारी मजुरी, सगळं त्यात मांडलं. अर्ज लिहायला अडोल्फ द प्लेविट्झ हा गोरा माणूस त्यांच्या बाजूला उभा राहिला, तर मळेवाल्यांनी त्यालाच बेटावरून हाकला म्हणून उलट अर्ज केला. चौकशीला रॉयल कमिशन आलं. त्याच्या दोघा सभासदांपैकी एक विल्यम एडवर्ड फ्रिअर, मुंबई इलाख्यात हयात काढलेला मुलकी अधिकारी. हाच गृहस्थ थोडं आधी गयानाच्या मजुरांची चौकशी करून आलेला होता. १८७५ चा त्यांचा अहवाल आजही वाचवत नाही, इतका तो तपशिलानं लिहिला आहे. नऊ हजार माणसांनी जोखीम पत्करली, म्हणून तो लिहावा लागला.

मॉरिशस बेटाची ही विरोधाची सवयच जुनी. १६९५ मध्ये, बेट डचांकडे असताना, मूठभर गुलामांनी त्यांचा किल्ला जाळला. पकडून देहदंड दिलेल्यांत आना नावाची एक बाई होती. डच कागदांत ती बंगालची आना म्हणून आहे. तिनं आग लावली नसती, तर आपल्याकडची एक बाई सतराव्या शतकात तिथवर नेली गेली होती, हे कुणाला कळलं असतं?

हे सगळं गोऱ्यांच्या माथी मारून मोकळं होण्याची सोय आपल्याला नाही. पेशवे दप्तरात कुणबिणींचे कागद आहेत. विकत घेतलेल्या, दंड म्हणून सरकारजमा केलेल्या, किल्ल्यावर आणि कोठीत दळणकांडणाला लावलेल्या बाया. त्यांच्या किमती आहेत. मोडीच्या त्या देखण्या, धावत्या वळणात एखादी पळाल्याची नोंद येते, आणि मला पुन्हा तेच वाटतं: हिचं हे एवढंच आपल्यापर्यंत पोहोचलं, तेही ती पळाली म्हणून. कंपनीच्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधार उरला नाही तो १८४३ मध्ये. त्याच सुमारास मुंबईहून मॉरिशसची जहाजं सुटत होती.

वहीनं न विचारलेल्या गोष्टी तर कितीतरी. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचतात. मधे ढोलकीवाला आणि शाहीर, भोवती गोल धरून पोरं, पायात चाळ, एक पाय आपटून गिरकी घ्यायची आणि पुन्हा गोलात यायचं. शेणानं सारवलेल्या अंगणात रात्री उशिरा धूळ उडायला लागते. मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत हाच नाच झाकरी या नावानं आजही होतो. कुठल्याही रकान्यात त्याची नोंद नाही. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, ती ज्यांच्या पायांनी तिथवर पोचली त्यांची उंची वहीत आहे; त्या पायांना काय येत होतं हे कारकुनाला विचारावंसं वाटलं नाही.

आता तिकडून माणसं इकडे येतात, पणजोबाच्या नोंदीची प्रत घेऊन. जिल्हा कळतो. गावाशी अडतं. इंग्रज कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं, त्यात पुढे नकलणाऱ्यानं भर घातलेली. शिवाय पुष्कळांनी महसुली गावाचं नाव न सांगता आपल्या वाडीचं सांगितलं असणार. आमच्याकडे आजही माणूस आधी वाडी सांगतो. नकाशात ती नावं नाहीत. ती गुरवांना, मानकऱ्यांना, जुन्या पोस्टमनना, माहेरच्या वाटा पाठ असलेल्या म्हाताऱ्या बायांना ठाऊक आहेत. रत्नागिरीच्या नोंदींतली गावांची नावं एकत्र काढून या माणसांपुढे मोठ्यानं वाचायला हवीत, तालुक्यातालुक्यात बसून. सुरुवात लांजा आणि राजापूरपासून करावी असं मला वाटतं, कारण तिकडे अजून वाड्यांची जुनी नावं बोलण्यात आहेत, आणि ती बोलणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.