जुन्या जीपमधून पेण-रोहा (भाग ३) : बर्फ, हळद आणि झेंडा

९ एप्रिल, पेण

मागच्या भागात जीप पनवेलला मामांच्या दारात उभी होती. आज ती निघाली, कर्नाळ्याचा सुळका मागे पडला, खारपाड्याचा पूल ओलांडला आणि तरणखोपला येऊन उकळली. पेण इथून हाकेच्या अंतरावर.

"मामा, काटा बघा कुठे गेलाय!"

"काटा कसला बघतेस, वास घे. गोडसर येतोय ना? पाणी कुठून तरी पाझरतंय."

जीप महिंद्राची, सीजे थ्री-बी, पेट्रोलवर चालणारी. अमेरिकेत विलीज कंपनीने घडवलेला हा सांगाडा पुढे मुंबईत जोडला जाऊ लागला. अमेरिकेने १९६८ मध्ये हे मॉडेल सोडलं तरी आपल्याकडे त्याचा संसार पुढे बरीच वर्षं चालला. मामांनी ओलं फडकं टाकून रेडिएटरचं झाकण अर्ध्या आट्यावर सैल केलं, वाफ जाऊ दिली आणि माझ्यापुढे हात केला. "हळद."

हळद आणायला मला हॉटेलाच्या मुदपाकखान्यात जावं लागलं. रेडिएटरची शिवण बारीक फुटली असेल तर पाण्यात दोन चमचे हळद टाकायची. ती फिरत फिरत भोकाशी जाऊन बसते, फुगते आणि गाडी गावापर्यंत पोचवते. जुन्या मेकॅनिकांचं हे ज्ञान कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. हॉटेलवाल्याने पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "गाडीचं लगीन हाय का?"

हळद लागू पडली तरी गाडी चालू होईना. आता पेट्रोल ओढणारा एसी पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ होत होती. समोर एक मावशी जिताड्याची पाटी घेऊन पेणच्या रिक्षाची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी पाटीतला मूठभर बर्फ काढून दिला. मामांनी तो फडक्यात बांधून पंपावर ठेवला. गरम ब्लॉकवर मात्र थेंब पडू दिला नाही, हेडला तडा जातो. दहा मिनिटांत इंजिनाने हुंकार दिला. पेणला शिरलो तेव्हा जीपला मासळीचा वास येत होता, तो अजून गेलेला नाही.

बर्फ बघून मला १९६० चं लमाँ आठवलं. मामांनी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेल्या जुन्या इंग्रजी मासिकांवर मी वाढले. माझ्या मैत्रिणी नटांचे फोटो वहीत चिकटवायच्या तेव्हा माझ्या वहीत पांढऱ्या गाड्या असत, निळ्या पट्ट्यांच्या. त्या ब्रिग्ज कनिंगहॅमच्या. हा अमेरिकन धनिक. अमेरिकन गाडी आणि अमेरिकन ड्रायव्हर घेऊन फ्रान्समधली लमाँची चोवीस तासांची शर्यत जिंकायची, हा त्याचा ध्यास. १९५० मध्ये तो दोन कॅडिलॅक घेऊन गेला. त्यातल्या एकीचा चौकोनी, बेढब सांगाडा बघून फ्रेंचांनी तिचं नाव 'राक्षस' ठेवलं. दोन्ही गाड्या दहाव्या आणि अकराव्या आल्या. राक्षस अकरावा.

१९६० मध्ये त्याने तीन शेव्हरोले कॉर्व्हेट नेल्या. ही गाडी १९५३ मध्ये जन्मली तेव्हा दिसायला देखणी आणि पळायला सुमार होती. पहिल्या वर्षीच्या तीनशेच्या तीनशे पांढऱ्या, सहा सिलिंडरच्या. ब्रसेल्समध्ये जन्मलेला झोरा आर्कस-डंटॉव्ह नावाचा रशियन वंशाचा इंजिनिअर मागे लागला, व्ही-एट इंजिन आलं आणि मग गाडीला पाय फुटले. लमाँला तीनपैकी एक कॉर्व्हेट जॉन फिच आणि बॉब ग्रॉसमन आलटूनपालटून चालवत होते. शेवटच्या काही तासांत तिचं पाणी गळायला लागलं. नियम असा की ठरावीक फेऱ्या झाल्याशिवाय रेडिएटरमध्ये पाणी भरायचं नाही. मग पिटमधल्या मंडळींनी खाण्यापिण्यासाठी आणलेला बर्फ उचलला आणि गाडी आत आली की बॉनेट उघडून इंजिनाभोवती चेपून भरायला सुरुवात केली. गाडी हळूहळू, बर्फ वितळवत, शेवटपर्यंत गेली. एकूणात आठवी आणि आपल्या वर्गात पहिली.

हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बर्फ भरणाऱ्याचं नाव काय?"

मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी कासार आळीत गेलो. गणपतीला अजून कित्येक महिने आहेत, पण पेणला वर्षभर भाद्रपदच. एका कारखान्यात फळ्यांवर दोनेकशे मूर्ती रांगेने पांढऱ्याफटक, डोळ्यांविना बसलेल्या. कोपऱ्यात एक काका डोळ्यांची आखणी करत होते. कुंचला अगदी चार केसांचा. श्वास रोखायचा, वरची पापणी एका ओढीत काढायची, श्वास सोडायचा. बाकी रंग कोणीही देतं, आखणीला मात्र हात लागतो. मूर्तीवर कारखान्याचं नाव असतं, घरी गेली की ती यजमानांची होते. मी काकांना विचारलं, दिवसाला किती होतात? त्यांनी उत्तर दिलं नाही. पापणी चालू होती.

१० एप्रिल, पेण ते रोहा

सकाळी बाजारातून पोह्याचे पापड घेतले आणि निघालो. वडखळला अलिबागची गर्दी उजवीकडे वळली, आम्ही सरळ. या रस्त्याच्या रुंदीकरणाबद्दल लिहायचं तर वेगळी लेखमाला लागेल. रायगडकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला खरं वाटायचं नाही. वळणावळणाला प्लॅस्टिकची नारिंगी पिंपं मांडून ठेवली आहेत. काही वाळूने भरलेली, काही नुसतीच.

या पिंपांचा एक पूर्वज कालच्या जॉन फिचच्या डोक्यातून निघाला आहे. फिच दुसऱ्या महायुद्धातला वैमानिक, जर्मनांच्या कैदेत राहून आलेला. १९५५ च्या लमाँला तो मर्सिडीजच्या गाडीवर पिएर लव्हेगचा जोडीदार होता. लव्हेग आधी बसला. ११ जूनच्या संध्याकाळी त्याची गाडी दुसरीवर चढून प्रेक्षकांत फुटली. लव्हेग गेला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर त्याच गाडीत फिचची पाळी होती. मर्सिडीजने शर्यत सोडावी असा आग्रह फिचने धरला आणि रात्री कंपनीने खरोखर गाड्या मागे घेतल्या. पुढे याच माणसाने महामार्गासाठी वाळूच्या पिंपांचा अडथळा काढला. पुलाच्या कठड्यासमोर किंवा रस्ता फुटतो त्या टोकाशी पिंपं रांगेने ठेवायची, पहिल्यांत वाळू कमी, मागच्यांत जास्त. भरधाव गाडी एकदम थांबत नाही, पिंपं फोडत, वेग गमावत थांबते, आणि आतला माणूस वाचतो. अमेरिकेत ती 'फिच बॅरियर' म्हणूनच ओळखली जातात. २०१२ मध्ये तो पंचाण्णवाव्या वर्षी गेला, शर्यतवाल्याला हे वय क्वचित लाभतं.

"मग आपल्याकडे रिकामी का ठेवतात?" मी विचारलं.

"रिकामी उचलायला हलकी पडतात," मामा म्हणाले.

नागोठण्याला चहा घेतला. वाटेत कोंबड्यांची शेड दिसली की मला कॅरोल शेल्बी आठवतो. टेक्सासचा हा गडी कुक्कुटपालन करायचा. पहिल्या खेपेला पैसा मिळाला, दुसऱ्या खेपेला रोग आला आणि पक्षी मेले, धंदा बसला. एकदा शेतावरून थेट शर्यतीला आला तो पट्ट्यापट्ट्यांचा डगला तसाच अंगावर. मग तोच त्याचा गणवेश झाला. १९५९ मध्ये त्याने लमाँ जिंकलं, तेही इंग्रजांच्या ॲस्टन मार्टिनमध्ये, रॉय साल्व्हादोरीबरोबर. हृदय दुबळं, जिभेखाली गोळी ठेवून गाडी चालवायचा. १९६० नंतर चालवणं सुटलं तेव्हा इंग्रजी एसी कंपनीच्या हलक्या सांगाड्यात फोर्डचं व्ही-एट बसवून 'कोब्रा' काढली. १९६५ मध्ये तिच्याच बंद टपाच्या भावंडाने, पीटर ब्रॉकने रेखलेल्या डेटोना कूपेने, जीटी गाड्यांचं जागतिक अजिंक्यपद अमेरिकेला पहिल्यांदा मिळवून दिलं.

भिसे खिंडीत जीपने पहिला गिअर मागितला आणि मामांनी गोष्ट मागितली नाही, सांगितली. डिसेंबर १९६८. मामा तेव्हा शाळेत, मुक्काम आत्याकडे ठाण्याला. लंडन-सिडनी मॅरेथॉनच्या गाड्या आग्रा रोडने मुंबईला येणार म्हणून पोरं रस्त्याला जाऊन उभी. लंडनहून ९८ निघाल्या होत्या, मुंबईला ७२ पोचल्या. तिथून 'चुसान' बोटीत चढवून ऑस्ट्रेलियाला. मामांना आठवतात ते दिव्यांचे झोत, धूळ आणि एक लांबुडकी, बेडकासारखी गाडी.

ती सित्रोएन असणार. आणि ती ल्युसियें बियांकीची असेल तर मामांच्या पुढ्यातून लमाँचा चालू विजेता गेला! त्याच सप्टेंबरात बियांकीने पेद्रो रॉद्रिगेसबरोबर फोर्ड जीटी-४० मध्ये लमाँ जिंकलं होतं. मॅरेथॉनही तो जिंकतच होता. सिडनी जवळ आलं असताना त्यांच्या सित्रोएनला समोरून येणारी मिनी धडकली आणि अँड्र्यू कोवनची साधीसुधी हिलमन हंटर पहिली आली. बियांकी पुढच्याच वर्षी लमाँच्या सरावात गेला. मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही त्याला ऊस दाखवत होतो."

दुपारी रोहा. कुंडलिकेवरचा पूल, पलीकडे अष्टमी, मागे अवचितगड उन्हात विरघळलेला. धावीर महाराजांचं दर्शन घेतलं. दसऱ्यानंतर पालखी निघते तेव्हा या देवाला पोलिसांची सलामी असते. देवळाच्या पायरीवर बसून मामांनी आजोबांचा विषय काढला. आजोबा शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात फिटर. १९२८ पासून तिथे खोक्यांतून आलेली शेव्हरोले जोडली जायची. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमध्ये डॉज आणि प्लिमथ. नुसतं जोडकाम नको, इथे घडवा, असं सरकारचं धोरण ठरलं आणि १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. तेव्हाचे अर्थमंत्री कोण? रोह्याचे चिंतामणराव देशमुख! निर्णय एकट्या अर्थखात्याचा नव्हता, पण आजोबांना ते कोणी समजावलं नाही. ते जन्मभर म्हणायचे, "आमची शेव्हरोले रोह्याने घालवली." ज्या वर्षी शिवडीचे दरवाजे मिटले त्या वर्षी कॉर्व्हेट एक वर्षाची होती. आजोबांनी ती कधी पाहिली नाही.

११ एप्रिल, रोहा आणि परत

रोह्याजवळच्या एका गावी बैलगाड्यांची शर्यत आहे असं रात्रीच कळलं होतं. कापणी झालेल्या भाताच्या खाचरांचे बांध फोडून धावपट्टी केलेली. शर्यत बिनजोड, म्हणजे एका वेळी दोनच गाड्या सुटणार. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा कायम झाला. आता पशुवैद्य हजर लागतो, चाबूक-काठी चालत नाही. बैलांच्या बाजूने मला अजूनही पूर्ण बोलता येत नाही. तोंडाला आलेला फेस मी पाहिला आहे. तरी गेले. मामांना तर विचारायचीच सोय नव्हती.

गाडी म्हणजे जेमतेम दोन चाकं आणि दांडी, बसायला काही नाही. वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा दांडीवर उकिडवा, एक हात कासऱ्यावर, दुसरा शेपटीजवळ. सुटल्या. कानाला आधी घुंगरं येतात, मग खुरांचा आवाज, मग ढेकळं अंगावर. चार श्वासांत संपतं. दोन्ही जोड्या बरोबरच आल्या. झेंडा पंचाचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. भांडण, मोबाइल, पुन्हा भांडण. शेवटी कोणाच्या तरी चित्रीकरणात डाव्या गाडीच्या बैलाचं नाक पुढे दिसलं.

मामा मला म्हणाले, "तुझ्या त्या फोर्डचं असंच झालं ना?"

झालं होतं, पण उलटं. जून १९६६. फेरारीला हरवायचं म्हणून फोर्डने पैसा ओतला, शेल्बीने गाड्या उभ्या केल्या आणि त्या जीटी-४० ना वळण लावलं केन माइल्स नावाच्या इंग्रज माणसाने. वय ४७, बोलायला फटकळ. त्या वर्षी डेटोना आणि सेब्रिंगच्या शर्यती त्याने जिंकल्या होत्या, लमाँही हातात होतं. तेवढ्यात वरून हुकूम आला, आपल्या गाड्या एकत्र आणा, छायाचित्र चांगलं येईल. माइल्सने वेग कमी केला. पावसात गाड्या ओळीने आल्या. पंचांनी नियम काढला, ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस ॲमनची गाडी सुरुवातीला मागे उभी होती, म्हणजे तिने काही पावलं जास्त कापली, म्हणून ती पहिली. माइल्स दुसरा. दोन महिन्यांत, १७ ऑगस्टला, नव्या गाडीची चाचणी घेताना तो गेला.

लाउडस्पीकरवर विजेत्यांची नावं पुकारली. आधी मालकाचं, मग गावाचं, मग दोन्ही बैलांची, तीही बिरुदांसकट. बैलांवर गुलाल पडला. दांडीवरचा पोरगा बांधावर बसून घोट्यावरचं रक्त पाण्याने धूत होता. मामा उठून त्याच्याजवळ गेले, काहीतरी बोलले, खिशातली तंबाखूची पुडी पुढे केली. त्याने मान हलवून नको म्हटलं.

परतताना हळद टिकली. नागोठण्याच्या अलीकडे एका झापाशेजारी रस्त्यावरचं एक नारिंगी पिंप दिसलं, मधोमध उभं कापून आडवं केलेलं. त्यात पाणी भरलं होतं आणि एक म्हैस डोळे मिटून पीत होती. मामांनी जीप थांबवली आणि रेडिएटरसाठी बादलीभर पाणी मागून घेतलं.

(पुढील भागात : पाली आणि सुधागड)