पार्सलावरची जकात

परदेशातून मागवलेल्या किरकोळ पार्सलावर सरकारने शुल्क घेऊ नये, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत आलो. कंटेनर भरून माल आणणाऱ्यांकडून काय वसूल करायचं ते करा. पण ज्याने चार व्हॉल्व्ह आणि दोन कपॅसिटर मागवले त्याच्या दारात उभं राहून पैसे मागायचे, हा भुरटेपणा झाला, हे माझे शब्द. लग्नाच्या पंगतीत, कल्याण लोकलमध्ये आणि एकदा तर कस्टम्समधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या तोंडावर मी ते वापरले आहेत. ते बिचारे हसले आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. आज ते मत माझं राहिलेलं नाही. वादात मला कुणी हरवलं असंही नाही. ते मत धरून ठेवायला जो निगरगट्टपणा लागतो, तो हळूहळू कमी पडत गेला.

जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करणं हा माझा नाद. भिवंडीत राहून असा नाद बाळगणं ही तशी गंमतच. आमच्याकडे मागांचा खडखडाट असा, की चालू रेडिओलाही कान लावावा लागतो. वीज गेली की माग थांबतात, पण मग रेडिओही थांबतो. या रेडिओंचे व्हॉल्व्ह आपल्याकडे आता सहजी मिळत नाहीत. पूर्व युरोपातल्या कुणाच्या तरी माळ्यावर जुना साठा निघतो, तो मागवायचा. बारीकसारीक भाग चीनमधून येतात. विक्रेता किंमत सांगतो, आपण कार्डावरून पैसे भरतो, आणि व्यवहार संपला असं समजून वाट बघत बसतो. तो संपलेला नसतो, हे पार्सल दारात आल्यावर कळतं.

हिशेबाची रीत सांगतो, कारण माझा राग त्या रीतीवरच होता. समजा वस्तू ४,२०० रुपयांची आणि टपालखर्च ८०० रुपये. शुल्क ४,२०० वर लागत नाही, ५,००० वर लागतं, कारण कस्टम्सच्या लेखी मालाची किंमत म्हणजे माल, वाहतूक आणि विमा मिळून होणारी रक्कम. मूळ सीमाशुल्क २० टक्के धरलं तर १,००० रुपये. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, १०० रुपये. मग या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे ६,१०० वर, जीएसटी. १८ टक्के धरला तर १,०९८. एकूण २,१९८ रुपये. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, पण रचना हीच: करावर अधिभार, आणि दोन्हींवर पुन्हा कर. वर कुरिअरवाला म्हणतो, हे शुल्क तुमच्या वतीने मी आधी भरलं, त्या सेवेचे इतके. त्या सेवेवरही जीएसटी. सगळी उमर दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेलेल्या माणसाला ही पावती बघून काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

त्याआधी एक सुखाचा काळ होता. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना शुल्क माफ होतं. ही सवलत परदेशातल्या आप्तांनी पाठवलेल्या भेटींसाठी. चिनी विक्रेत्यांनी ती ओळखली आणि विकलेल्या मालावर सरसकट ‘भेट’ लिहायला सुरुवात केली. मला कधी न पाहिलेला, माझं नावही नीट न लिहिता येणारा शेन्झेनमधला कुणी इसम मला सणवार नसताना कपॅसिटर भेट पाठवत होता. मी ते आनंदाने घेत होतो. १२ डिसेंबर २०१९ ला सरकारने अधिसूचना काढून ही वाट बंद केली. शुल्क न भरता भेट म्हणून माल आणायला मनाई झाली. त्यातून सुटली ती जीवरक्षक औषधं आणि राखी. राखी सुटली, पण राखीबरोबर पाठवलेली भेट नाही! जिथे शुल्क शंभर रुपयांपेक्षा जास्त होत नाही तिथे ते वसूल करू नये, असं सीमाशुल्क कायद्यातलं एक पोटकलम आहे, त्याचा आधार राखीला मिळाला. सरकारी लेखणीला बहिणीची राखी आणि तिच्यासोबतची चॉकलेटं यांत अशी रेघ मारावी लागली, यावर मी तेव्हा खूप तोंडसुख घेतलं. ती रेघ कुणामुळे मारावी लागली, हा विचार शिवला नाही.

त्या काळात मी सुट्या भागांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचो तेव्हा एका दुकानदाराला मोबाइलवरच्या किमती दाखवायचो. ‘शेठ, हेच तिकडून निम्म्यात येतंय.’ तो शांत माणूस. एकदा त्याने ड्रॉवरमधून बिल ऑफ एंट्रीची प्रत काढून काउंटरवर ठेवली. न्हावा शेवाला उतरलेला माल, त्यावरचं शुल्क, अधिभार, जीएसटी, सगळं ओळीने. म्हणाला, ‘साहेब, तुम्ही मला भेट दाखवताय. मी माल विकतो.’ मी हसलो आणि नेहमीप्रमाणे घासाघीस करून निघालो. मत त्या दिवशी बदललं नाही. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं.

बदललं ते आमच्या गोदामांमुळे. मी नोकरी केली भिवंडीजवळच्या पूर्ण्यातल्या एका वाहतूक कचेरीत, हिशेबनीस म्हणून. पूर्णा, काल्हेर, कशेळी, राहनाळ, वळ, माणकोली: आज या गावांतून गेलात तर पत्र्याच्या शेडशिवाय काही दिसत नाही. देशभरच्या ऑनलाइन खरेदीचा मोठा हिस्सा या शेडांतून हलतो. ही गोदामं भातशेतीवर का उगवली, याचं जुन्या माणसांकडचं उत्तर एकच: जकात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की मुलुंडच्या नाक्यावर जकात भरायची. मग सगळा माल आत नेऊन का ठेवा? ग्रामपंचायतीच्या हद्दीत, जिथे जकात नाही, तिथे उतरवून घ्या आणि दुकानदाराची मागणी येईल तेवढाच आत सोडा. पुढे जो गुजरात-मध्य प्रदेशाकडे जाणारा माल, त्याला मुंबईची जकात लागण्याचं कारणच उरत नाही. शेतकऱ्यांची जमीन भाड्याने गेली, वाहतूकदार आले, हमाल आले, चहाच्या टपऱ्या आल्या. माझा पगार त्यातलाच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. महापालिकेला वर्षाला सात हजार कोटींच्या घरात उत्पन्न देणारा कर एका रात्रीत संपला. आता गोदामं ओस पडणार, असं आम्ही कचेरीत बसून भाकीत केलं होतं. झालं उलटंच. राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवण्याची गरज संपली, आणि बंदर, मुंबई आणि नाशिक महामार्ग हाताशी असलेल्या भिवंडीत आणखी मोठ्या शेड उभ्या राहिल्या.

पण मला बोचलं ते वेगळंच. इतकी वर्षं आम्ही कराच्या रेघेच्या सोयीच्या बाजूला बसून पोट भरलं, आणि त्यात गैर काही नव्हतं, कायद्यात बसत होतं. मात्र आत, भुलेश्वरला किंवा दादरला दुकान मांडून बसलेला माणूस ती जकात भरत होता, आणि त्या पैशांत मुंबईचे रस्ते होत होते, ज्यांवरून आमचेच ट्रक धावत होते. आमच्या मालकांना कुणी भुरटं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. मग पार्सलावर शुल्काची पावती फाडणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने तो शब्द लावत होतो?

दुसरी गोष्ट तर अगदी घरची. आमच्या ओळखीतल्या काही यंत्रमागधारकांनी परदेशी स्वस्त कापडाविरुद्ध निवेदन द्यायचं ठरवलं. माझं मराठी बरं म्हणून मसुदा माझ्याकडे आला. किंमत कमी दाखवून माल आत येतो, शुल्क बुडतं, इथला माग बंद पडतो, तरी आयातशुल्क वाढवावं, असं मी झोकात लिहून दिलं. त्याच आठवड्यात माझं एक पार्सल वाटेत होतं, आणि विक्रेत्याला मी लिहिलं होतं की डब्यावर किंमत जरा कमी घाला. दोन्ही कागद एकाच टेबलावर, एकाच पेनाने लिहिलेले. निवेदनाचं पुढे काय झालं ठाऊक नाही. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात काही निटेड कापडांवर २० टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, जे जास्त असेल ते, असं शुल्क आलं. किलोचा हिशेब अशासाठी, की किंमत कितीही कमी लिहिली तरी वजन लपत नाही. ते आमच्या मागावरचं कापड नव्हे, पण युक्ती मला पटली. डब्यावर किंमत कमी घालायला सांगणाऱ्यांसाठीच ती होती.

या विचाराला जुनं बळही मिळालं. शिवाजी महाराजांचं १६७१ चं एक पत्र आहे, कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशातून स्वस्त मीठ येतं, व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वराकडचं मीठ पडून राहतं. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की ते इथल्या मिठापेक्षा महाग पडावं, असा त्याचा आशय. मिठासारखी चिल्लर गोष्ट! हे पत्र मला शाळेपासून माहीत होतं, आणि अभिमानाने सांगायचोही. माझ्या कपॅसिटरशी त्याचा काही संबंध असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

एवढं सगळं मान्य केल्यावरही एक राग शिल्लक होता, आणि तो नेमका कशाचा हे २०२५ च्या दिवाळीत उमगलं. पुतणी न्यू जर्सीत असते. दरवर्षी वहिनी फराळ पाठवतात. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून बंद केली. नेमकं किती शुल्क, ते कुणी गोळा करायचं, याचा घोळ मिटेना म्हणून आपल्या टपालखात्याने ऑगस्टअखेर तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी अमेरिकेत माफ होत्या, पण डबा घेणाराच कुणी नाही तर माफी काय कामाची. १५ ऑक्टोबरला टपालसेवा पुन्हा सुरू झाली, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना. तेव्हा विकलेल्या मालावर जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क होतं, आणि ते इथेच, पार्सल स्वीकारतानाच भरायचं. दर ऐकून डोळे पांढरे झाले. पण पद्धत ऐकून मी म्हटलं, अरे, हेच तर हवं होतं! भरायचं ते खिडकीवर, आकडा बघून, आणि नको असेल तर डबा उचलून घरी यायचं.

माझा जो उरलेला राग आहे तो असा दारात उगवणाऱ्या आकड्यावर आहे, कर असण्यावर नाही. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या जुलैपासून हजार डॉलरपर्यंतच्या मालावरचा कर परदेशी विक्रेत्यांना विक्रीच्या वेळीच घ्यायला लावला. युरोपीय संघाने २०२१ च्या जुलैत २२ युरोपर्यंतची करमाफी काढली, पण दीडशे युरोपर्यंतच्या मालावर मूल्यवर्धित कर खरेदीच्या पडद्यावरच भरायची सोय केली. आपल्याकडे तसं होईस्तोवर मी मागवण्याआधी कागदावर बेरीज मांडतो, टपालखर्च धरून. बरेचदा मग लॅमिंग्टन रोडच स्वस्त पडतो. शेठला हे अजून सांगितलेलं नाही. त्याच्यापुढे घासाघिशीची थोडी तरी बाजू माझ्याकडे राहायला हवी.

माझा पुतण्या रेपियर माग चालवतो, त्याला हे काही पटत नाही. मागच्या महिन्यात त्याने मागाचं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड परदेशातून मागवलं आणि दारात शुल्क भरलं. ‘काका, २०२५ च्या बजेटात मिनिटाला साडेसहाशे मीटरच्या खालचा रेपियर माग साडेसात टक्क्यांवरून शून्यावर आणला. अख्खा माग आणला तर शून्य, आणि त्यातलं हाताएवढं कार्ड आणलं तर एवढे पैसे? लहान माणूस माग आणत नाही, कार्डच आणतो.’ मी त्याला म्हटलं, तू ते स्वतःच्या नावाने, घरगुती म्हणून मागवलंस. धंद्याच्या नावाने आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, काढ, पाचशे रुपयांत निघतो, कार्ड मागाचा सुटा भाग म्हणून दाखव, आणि भरलेला जीएसटी विवरणपत्रात वळता करून घे.

‘हे हिशेबाचं उत्तर झालं, काका,’ तो म्हणाला. ‘मी विचारलं ते वेगळं होतं.’

आयईसी तो काढतोय. त्याने विचारलेल्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.