साखळीची बाजू सोडताना

चोक चेन काम करते. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्या विरोधात बोलणारे बरेच जण 'त्यानं काही उपयोग होत नाही' अशी सुरुवात करतात आणि ज्यानं ती वापरली आहे तो तिथेच ऐकणं थांबवतो. उपयोग होतो. ओढणारा लॅब्रेडॉर थोड्या वेळात मालकाच्या गुडघ्याशी चालायला लागतो आणि बघणारे माना डोलावतात. कुत्र्यांना शिकवणं हा माझा धंदा नाही, हौस आहे; पण या हौसेपायी मी कितीतरी वर्षं रविवारी सकाळी मैदानावर ओळखीपाळखीच्या लोकांना साखळी कशी घालायची, झटका कसा द्यायचा हे शिकवत आले. छातीवरून घालायचा पट्टा, ज्याला दुकानदार 'बॉडी बेल्ट' म्हणतात, तो मला लाडावलेल्या कुत्र्यांचा थाट वाटायचा. आज माझं मत नेमकं उलटं झालंय असं नाही. पण साखळीची बाजू मी सोडली आहे, आणि ती का सोडली हे निदान ज्यांना मी ती शिकवली त्यांना कळायला हवं.

मला हे शिकवलं सैन्याच्या श्वानपथकातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी. त्यांच्याबद्दल मनात आजही आदरच आहे. कुत्रा आपल्या डाव्या हाताला चालवायचा. साखळी इंग्रजी 'पी' अक्षरासारखी समोर धरून त्याच्या डोक्यातून घालायची, म्हणजे झटका सोडल्याबरोबर कडी आपल्या वजनानं खाली घसरते आणि फास सैल पडतो. उलटी घातली तर तो आवळलेलाच राहतो. झटका मनगटाचा, खांद्याचा नव्हे. साखळी ओढायची नसते, वाजवायची असते, असं ते सांगायचे, आणि त्यांच्या हातात ती खरोखर वाजायची. पुढेपुढे तर नुसत्या कड्यांच्या आवाजावर कुत्रा वळे.

आमच्या हातात ती कधी वाजली नाही. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात ताणलेला पट्टा, पुढे खोकत खोकत चाललेला कुत्रा, हे दृश्य कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी उभं राहिलं की दिसतं. झटका सगळ्यांना जमतो. सोडणं जवळजवळ कुणालाच जमत नाही. निष्णात माणसाच्या हातातच निरुपद्रवी राहणारी वस्तू मी हौशी लोकांच्या हातात देत होते. पहिली शंका आली ती इथे. पण शंका आली म्हणून मत बदलतं थोडंच. मी म्हणायचे, लोकांना नीट शिकवायला हवं.

साखळीबरोबर एक तत्त्वज्ञानही आलं होतं. कुत्रा म्हणजे लांडगा, लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, तो म्होरक्या आपण व्हायचं. दारातून आधी आपण बाहेर पडायचं, जेवायचं आधी आपण. या समजुतीचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासात आहे, आणि त्यांनी पाहिलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या 'द वुल्फ' या पुस्तकानं ही मांडणी जगभर नेली. पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, डेव्हिड मीच यांनी मोकळे लांडगे अनेक उन्हाळे अगदी जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की रानातला कळप हे बहुधा एक कुटुंब असतं. आईबाप पुढे असतात ते लढून जिंकले म्हणून नव्हे, आईबाप आहेत म्हणून. आपलं ते जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. ज्याच्या जोरावर मी लोकांना म्होरके बनवत होते त्या माणसानं केव्हाच मत बदललं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तरीही माझं खरं मन फिरवलं ते पुस्तकांनी नाही, साळूनं. साळू माझी कारवान कुत्री. लातूर-सोलापूरकडे ही शिकारी जात पिढ्यानपिढ्या पाळतात: लांब पाय, खोल छाती, अरुंद डोकं, आणि नजर सशावर. साळू माणसांशी गरीब होती. रस्त्यावरची कुत्री दिसली की मात्र कान टवकारून पुढे झेपावायची. मग मी झटका द्यायची. ती मागे यायची. मला वाटायचं, शिकली.

शिकत होती हे खरंच, पण काय? पाव्हलॉव्हचे कुत्रे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेत. घंटा वाजली की अन्न येतं, हे पुन्हापुन्हा झालं की नुसत्या घंटेनं लाळ सुटते. साळूच्या बाबतीत घंटेच्या जागी समोरून येणारं कुत्रं होतं आणि अन्नाच्या जागी गळ्याला बसणारा चिमटा. कुत्रं दिसलं की गळा दुखतो, एवढी साधी जोडणी तिच्या डोक्यात होत गेली. आधी कुतूहलानं पुढे जाणारी साळू पुढेपुढे लांबूनच दात दाखवायला लागली. मी ते बंडखोरपणा समजून झटके वाढवले. साखळीनं ओढणं थांबलं आणि त्या जागी राग आला. साधन काम करत होतं. मी कुठलं काम मोजतेय, तेच चुकत होतं.

आता गळ्याबद्दल. कुत्र्याच्या गळ्यात श्वासनलिका आहे, मोठ्या शिरा आहेत, थायरॉइडची ग्रंथी आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की कुत्रा गळपट्ट्याला ओढ देतो तेव्हा त्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो, छातीच्या पट्ट्यात तसं होत नाही. बाहेर आलेल्या डोळ्यांचा पग पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत श्वासनलिका चपटी होण्याचा आजार मुळातच जास्त, त्यांच्या गळ्याला ताण देणं म्हणजे आजाराला आमंत्रण. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी कृत्रिम मान बनवून तिच्यावर वेगवेगळे गळपट्टे ओढून पाहिले. रुंद, आत गादी असलेले पट्टेही पूर्ण सुरक्षित म्हणावेत असे निघाले नाहीत. म्हणजे दोष एकट्या चोक चेनचा नाही. ओढणाऱ्या कुत्र्याचा पट्टा गळ्याला अडकवणंच धोक्याचं. काट्यांच्या पट्ट्याबद्दल तर काय बोलावं? हिमालयातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, पण ते काटे बाहेरच्या बाजूला असतात, बिबट्यासाठी. आपण शहरात विकत घेतो त्याचे काटे आत वळलेले. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर वेल्सनं २०१० मध्येच बंदी घातली. आपल्याकडे ते मागवले की घरपोच येतात.

मग मीही बॉडी बेल्ट आणला, आणि नव्यानं धर्म बदललेल्या माणसाच्या उत्साहानं सगळ्यांना सांगत सुटले. इथेही तोंडावर आपटले. साळू आधीपेक्षा जोरात ओढायला लागली. साहजिकच होतं, बैल जू खांद्यावर घेतो तसं तिला छातीवर ओझं पेलायची सोय करून दिली होती, गळा दुखेना, मग ओढायला हरकत कसली? वर एक नवाच प्रश्न. कारवानचं डोकं मानेपेक्षा बारीक, अंग निमुळतं; घाबरली की मागे सरकत सरकत ती बेल्टमधून सुटून निघे. मोटारींच्या गर्दीत एकदा तशी सुटली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. छातीवर इंग्रजी 'वाय'सारखा येणारा पट्टा खांदा मोकळा ठेवतो असं सगळे सांगतात, मीही सांगायचे. पण २०१९ च्या एका मोजणीत असा पट्टा खांद्याची हालचाल आडव्या पट्ट्यापेक्षाही जास्त अडवताना दिसला. लेबलावर काय लिहिलंय याला फारसा अर्थ नाही. कुत्र्याच्या अंगावर तो कसा बसतो ते बघायचं.

इथे मला जे उमगलं ते एवढंच: ओढणं थांबवणं हे पट्ट्याचं कामच नाही. पट्ट्याचं काम, वाईटात वाईट क्षणी कुत्रा सुटू नये आणि त्याला इजा होऊ नये. ओढणं थांबवायचं काम आपलं. कुत्रा ओढतो कारण ओढल्यावर तो खांबापर्यंत पोचतो. ओढ बसली की आपण थांबलो आणि पट्टा सैल झाला की चाललो, तर ओढण्यात त्याला काही मिळत नाही. शेजारी चालत असताना, त्याच क्षणाला, तोंडात उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा गेला पाहिजे. घरी जाऊन दिलेला लाडू त्याला कशाबद्दल मिळाला ते कळत नाही. (सांगलीकडच्या मंडळींना हात जोडून विनंती, बेदाणे देऊ नका. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतो.) रस्त्यावरची कुत्री दिसली की साळूला मी लांबूनच खाऊ घालायला लागले. जुनी जोडणी तोडायला नवी जोडण्यापेक्षा फार जास्त वेळ लागला, आणि ती पूर्ण तुटली असं आजही म्हणवत नाही.

साळूसाठी शेवटी दोन गोष्टी वापरल्या. ग्रेहाउंडसारख्या बारीक डोक्याच्या कुत्र्यांसाठी वापरला जाणारा मार्टिंगेल गळपट्टा, जो ठरावीक मापापर्यंतच आवळतो, गळा दाबत नाही पण डोक्यावरून निसटूही देत नाही. आणि बेल्ट, ज्याची एक कडी छातीच्या पुढे आहे. दोरी रोज बेल्टला, मार्टिंगेलला फक्त जोडदोरी, म्हणजे बेल्ट निसटलाच तर दुसरा आधार. बेल्ट काखेत घासत नाही ना, पट्ट्याखाली दोन बोटं जातात ना, हे रोज बघावं लागतं, कारण कारवानची कातडी पातळ. पावसाळ्यात घरी आलं की बेल्ट काढायचाच. ओल्या पट्ट्याखाली कातडी खराब होते आणि गोचिड्याही तिथेच दडतात.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. लांबत जाणारी चकरीची दोरी आपल्या रस्त्यांवर नको. कुत्रा दुचाकीखाली जाईपर्यंत ब्रेकचं बटण सापडत नाही, आणि बारीक दोरी हातातून सरकली तर चामडी सोलते. मोरखीच्या धर्तीवरचा तोंडपट्टा काही कुत्र्यांना मानवतो, पण त्याला झटका द्यायचा नाही, मान पिळवटते. मुसकं घालायचंच असेल तर जाळीचं. कापडी मुसक्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत, आणि कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. एप्रिल-मे महिन्यात ते घालून फिरवणं जिवावर बेतू शकतं. यातलं काहीच महाग नाही. महाग आहे ते रोजचं फिरवणं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये फार आखूड किंवा जड साखळीला जनावर वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे, आणि कायम साखळीला असलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड लिहिलाय पन्नास रुपयांपर्यंत. त्यामुळे कायद्याच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही.

सुभेदारांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना पटलं नाही. आपल्या पथकातले कुत्रे आनंदानं काम करायचे, असं त्यांचं म्हणणं, आणि मी त्यांच्या हातातली साखळी पाहिलेली असल्यानं ते खोटं म्हणता येत नाही. पण मी सुभेदार नाही, आणि मी शिकवलेले लोकही नाहीत.

तेव्हा माझ्याकडून ज्यांनी चोक चेन घालायला शिकून घेतलं, त्यांनी ती काढून ठेवावी आणि कुत्र्याला घेऊन पुन्हा यावं. वेळ तीच, रविवारी सकाळी. नवा पट्टा आधी विकत घेऊ नका. कुत्र्याला दुकानात सोबत नेऊन, अंगावर चढवून, मागे सरकल्यावर सुटतो का ते बघूनच घ्या. आणि खिशात चिकन आणा.